गवत कोणी मोडले? वऱ्हाडातल्या ई-क्लासचा हिशेब

अकोला जिल्ह्यातल्या एका गावाची ग्रामसभा. गावाचे नाव लिहीत नाही, कारण तिथला वाद अजून मिटलेला नाही. विषयपत्रिकेवर सातवा विषय होता : ई-क्लास जमिनीवर कुरण विकास. रोजगार हमीतून काम घ्यायचे, गवत लावायचे, दोन वर्षे चराईबंदी ठेवायची. ठराव चांगला होता. तो लिहायला मीच मदत केली होती. तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरचे एक निवृत्त गुरुजी उठले आणि म्हणाले, "गवत लावाले हरकत नाही. पण आधी ज्याईनं गायरान खाल्लं त्याईले हाकला."

बोट कुणाकडे होते ते सगळ्यांना कळले. मागे दाराजवळ आमच्या वस्तीतली माणसे उभी होती. त्यांच्यापैकी अकरा घरांची वहिती त्या ई-क्लासच्या एका कडेला आहे. कोणाची दीड एकर, कोणाची दोन. दुसऱ्या कडेला मुरमाचा खड्डा आहे, दोन पुरुष खोल. पावसाळ्यात त्यात बकऱ्या बुडतात. खड्ड्याबद्दल गुरुजी बोलले नाहीत. कोणीच बोलले नाही.

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. ज्याला इतर महाराष्ट्रात गायरान म्हणतात त्याला आमच्या अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळकडे ई-क्लास म्हणतात. हा शब्द इंग्रजांच्या वर्गवारीतून आला. १८८६ च्या वऱ्हाड जंगल कायद्याने रानाचे वर्ग पाडले. अ-वर्ग लाकडासाठी, ब-वर्गात गवताचे रमणे आणि बाभूळबने, क-वर्ग गुरचराईसाठी. गावाच्या फुकट चराईची जमीन पुढे 'ई' झाली. म्हणजे माणसांचे वर्ण ज्या देशात आधीपासून होते तिथे गोऱ्या साहेबाने गवताचेही पाडले, आणि गावाच्या वाट्याला यादीत खालचा आला. आजही कोणा म्हाताऱ्याला "हे रान कोणाचं?" विचारा. तो "सरकारचं" म्हणत नाही, "गावाचं" म्हणत नाही, "इ-क्लास हाय" एवढेच म्हणतो.

आता गवताबद्दल. आपल्या डोक्यात शाळेपासून एक गोष्ट बसलेली आहे की माळ म्हणजे मेलेले जंगल. आधी इथे घनदाट अरण्य होते, माणसाने तोडले, गवत उरले. म्हणून झाडे लावा. ही गोष्ट वऱ्हाडाच्या बरडाला लागू नाही. १९७३ साली दाबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी भारतातल्या गवताळ प्रदेशांची जी वर्गवारी केली तिच्यात आपला सगळा दख्खनचा भाग शेडा आणि मारवेल या गवतांच्या पट्ट्यात येतो. कमी पावसाचे उथळ मुरमाड रान, त्यावर पवन्या, शेडा, डोंगरी, कुसळ, आणि अधूनमधून बोर, हिवर, बाभूळ. हेच त्याचे पूर्ण रूप आहे. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातल्या झाडाझुडपांचे उल्लेख तपासून दाखवले की पश्चिम महाराष्ट्रातले माळ निदान साडेसातशे वर्षे माळच आहेत. मला या अभ्यासाचे विशेष वाटले ते याच्यासाठी की त्यांनी वापरलेल्या ग्रंथांत 'लीळाचरित्र' आहे, आणि तो ग्रंथ सिद्ध झाला आपल्या अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला. जातिभेद न मानणाऱ्या पंथाने लोकांच्या भाषेत लिहिले, रस्त्यातले झाडझुडूप जसे दिसले तसे लिहिले, ते आज पुरावा म्हणून उभे आहे.

माझ्या आजीला यातले काही माहीत नव्हते, पण गवते तिला सगळी माहीत होती. ती गवताचे भारे कापून मूर्तिजापूरला टांगेवाल्यांना विकायची. पवन्याचा भारा जास्त पैशाचा. कुसळ आधी विकायचे, कुसळे यायच्या आत, नंतर घोडा तोंड लावत नाही. मारवेल नाल्याच्या कडेला, ओलीत. हे ज्ञान तिच्याकडे हौसेने आलेले नव्हते. गावात आलेल्या साहेबाच्या घोड्याला गवत आणि चुलीला लाकूड पुरवायचे काम महाराकडे होते, बिनमोबदला. त्या वेठीतून सुटल्यावर तेच ज्ञान तिने पोट भरायला वापरले. गावाच्या गवताशी आमचे नाते काय, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग हे गवत मोडले कोणी?

१८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर गेली. पुढच्या काही वर्षांत जे घडले त्याचा वेग बघा. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचली. कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला गेला, रिव्हेट-कार्नॅक नावाचा. १८७० मध्ये खामगावची शाखा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका बाजारपेठेच्या फाट्याला व्हाइसरॉय येतो, यावरून त्या कापसाची किंमत कळते. पाठोपाठ जिन, प्रेस, गोदामे.

या काळातच मुंबईच्या पद्धतीची रयतवारी मोजणी झाली. मोजणीदाराच्या लेखी जमीन दोन प्रकारची : जिच्यावर सारा मिळतो ती, आणि पडीत. गवत उगवणारे रान पडीत. त्यावर शेकडो जनावरे जगतात, वाटसरू जगतात, याला नोंदवहीत रकाना नव्हता. पडीत जमीन हलक्या साऱ्यावर वहितीला द्यायचे धोरण आले आणि नांगर माळावर चढला. ज्यांच्याकडे बैल होते, सावकाराची पत होती, पाटील-कुलकर्ण्याशी उठबस होती, त्यांनी सर्व्हे नंबर आपल्या नावे लावून घेतले. आमच्या पणजोबांकडे यातले काहीही नव्हते. वऱ्हाडातल्या काही महार मंडळींनी कापसाच्या धंद्यात पैसा कमावला हे खरे आहे, त्यातून अमरावती-नागपूरकडे चळवळीला बळही मिळाले. पण गावोगावच्या शेकड्यातल्या नव्वद घरांना त्या कापसाने एकच गोष्ट दिली, वेचणीची मजुरी.

औद्योगिक उलथापालथ म्हटले की लोकांना चिमणी आणि धूर दिसतो. वऱ्हाडाच्या गवताला पहिला औद्योगिक धक्का बसला तो गिरणी इथे नसताना. गिरणी चार हजार मैलांवर होती, तिची भूक इथे होती.

ज्वारी आणि कापूस यांतला एक फरक शेतकऱ्याला सांगावा लागत नाही, शहरातल्या वाचकाला सांगावा लागतो. ज्वारी पेरली की माणसाला दाणा आणि ढोराला कडबा. कापूस पेरला की पऱ्हाटी उरते, ती फक्त चुलीत जाते. म्हणजे कापसाने चराईचे रान घेतलेच, वर वावरातला चाराही घेतला. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराने वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवर १९९७ साली, आणि मध्य भारतातल्या गुराढोरांवर २००४ साली पुस्तक लिहिले. कापसाचा पेरा वाढला, चराऊ रान आकसले, उरलेले जंगलखात्याने बंद केले आणि जनावर रोडावले, ही साखळी त्यांनी सरकारी दप्तरातूनच उभी केली आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडात माणसे मेली तशी गुरे मेली. मेलेले ढोर ओढायला कोण होते, ते या लेखाच्या वाचकांना सांगायला नको. कापसाचा नफा लिव्हरपूलला गेला आणि सांगाडे आमच्या वाट्याला आले.

हे कोणी आंबेडकरवादी आज शोधून काढतोय असेही नाही. क्रांतिबा फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने डोंगर आणि गायराने गिळली, गरिबाच्या शेळीला तोंड घालायला जागा ठेवली नाही, ही तक्रार स्पष्ट मांडली होती. पर्यावरणाच्या अभ्यासक्रमात तुम्हाला हे पुस्तक दिसते का? एम.ए.ला मला समाजशास्त्राच्या पेपरात फुले होते, 'विचारवंत' म्हणून. गवताबद्दल बोलणारे फुले कोणी शिकवले नाहीत.

नांगराने गवत गेले, पण कायद्याने गवतावरची माणसे गेली. रेल्वेच्या आधी कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवरून जात होता. १८२५-२६ मध्ये विकाजी-पेस्तनजी या पेढीने वऱ्हाडातून मुंबईला कापूस धाडला तो ५०० बैलांच्या पाठीवरून. एवढे बैल मुंबईपर्यंत चालत जायचे तर प्रत्येक मुक्कामाला गवत हवे. तांड्यांचे सगळे रस्ते म्हणजे गवताचे रस्ते होते. रेल्वे आली आणि एका पिढीत तांडा बेकार झाला. १८७१ साली ब्रिटिश हिंदुस्थानात दोन कायदे झाले. एक गुरांच्या अतिक्रमणाचा, ज्यातून कोंडवाडा पक्का झाला. दुसरा गुन्हेगार जमातींचा. एक जनावर कोंडायचा, दुसरा माणूस. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे असल्याने इथे कायदे वळसा घालून लागू होत, पण कोंडवाडाही आला आणि पारध्याच्या कपाळावरचा शिक्काही आला. फासेपारधी हा गवताचा माणूस. तित्तिर, लावा, ससा, सगळे गवतातले. माळ वावरात गेला आणि तो चोर ठरला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. वीस वर्षांनी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने, त्याचा फास पुन्हा गुन्हा झाला. आपल्या भागात पोलीस स्टेशनची पायरी न चढलेला पारधी म्हातारा मी अजून पाहिलेला नाही.

आता गुरुजींच्या वाक्याकडे येतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि ते टाळून चालणार नाही. होय, आमच्या लोकांनी गायरान वाहिले.

१९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी मागणी केली होती की सरकारच्या मालकीची लागवडयोग्य पडीत जमीन अनुसूचित जातींच्या वसाहतींसाठी राखून ठेवावी, आणि त्यासाठी वसाहत आयोग नेमावा. शब्द 'लागवडयोग्य' आहे, हे गवतप्रेमी मित्रांनी वाचावे. तो आयोग झाला नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी सत्याग्रह झाला, लोक लाखांच्या घरात तुरुंगात गेले. मागणी साधी होती : कसायला जमीन द्या, पडीत आहे ती तरी द्या. काळी कसदार जमीन आमच्यासाठी कोणी मोकळी ठेवलीच नव्हती, ती शंभर वर्षांपूर्वीच वाटली गेली होती. सीलिंगच्या कायद्यातून जे बाहेर आले ते कुठल्या मुरमाड कोपऱ्यातले आले हे प्रत्येक गावाला माहीत आहे. उरला ई-क्लास. आमच्या माणसाने बरडावर नांगर घातला तो गवताचा द्वेष म्हणून नाही, गावाने त्याच्यासाठी तेवढीच जागा शिल्लक ठेवली होती म्हणून.

सरकारनेही हे मानले होते. १९७८ च्या निर्णयाने आणि नंतर २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करायची होती. तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची निवडली, काम मात्र तलाठ्याच्या टेबलावर पडून राहिले. पुरावा आणा, दंडाची पावती आणा, पंचनामा आणा. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितले. त्या निकालातही भूमिहीनांचे आणि अनुसूचित जाती-जमातींचे अपवाद म्हणून नाव आहे. नोटिशीत ते येत नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात विषय निघाला तेव्हा राज्याने आकडे दिले : राज्यात गायरान सुमारे ४.५२ लाख हेक्टर, त्यातले अतिक्रमणाखाली १०,०८९ हेक्टर, बांधकामे सुमारे २.२२ लाख. गणित करा. सव्वादोन टक्के जमीन. एका बांधकामाला साडेचार गुंठे. हा आकडा मुख्यतः घरांचा आहे, वहितीचा सगळा हिशेब त्यात नाही, हे मान्य. तरीही प्रश्न उरतो. उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांवर गवत आहे का? तुमच्या गावात जाऊन बघा.

नसणारच. कारण तिथे मुरूम आहे. रस्ता, कालवा, वीटभट्टी, क्रशर, सगळ्यांना मुरूम ई-क्लासमधूनच लागतो, कारण तिथे मोबदला मागणारा सातबाराधारक नसतो. समृद्धी महामार्ग अमरावती आणि वाशीम जिल्ह्यांतून गेला, कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याला लागून गेला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्प्याचे उद्घाटन झाले. एवढा उंच भराव ज्या मुरमाचा आहे तो कुठून तरी निघालाच. रॉयल्टी ब्रासवर मोजतात. ब्रासमध्ये मुरूम मोजला जातो, मुरमावरची चार बोटे माती आणि तिच्यातले बी मोजले जात नाही.

माळावर दुसरा घाव घातला तो हिरव्या रंगाने. २०१६ ला दोन कोटी, मग चार, मग तेरा, २०१९ ला तेहतीस कोटी झाडांचे लक्ष्य. डोंगरात खड्डे कुठे घेणार? माळ मोकळा दिसतो. जेसीबीने समतल चर मारले, ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावले, फोटो काढले. झाड जगले नाही, चराच्या मातीवर गाजरगवत आणि तरोटा मात्र जगला. तिसरा घाव चालू आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सरकारी जमीन सौर प्रकल्पाला नाममात्र एक रुपया वार्षिक भाड्याने तीस वर्षांसाठी मिळते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, मी विरोधात नाही. पण तीस वर्षांचा एक रुपया कोणाला आणि साठ वर्षांच्या वहितीला नोटीस कोणाला, हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

गवत परत येते का? येते, आणि त्याचे दाखले इथलेच आहेत.

बार्शीटाकळी तालुक्यातल्या वडाळ्याच्या फासेपारध्यांनी आपल्या भोवतीचे गवताळ रान राखायला घेतले. कारंज्याच्या संवेदना संस्थेचे कौस्तुभ पांढरीपांडे त्यांच्याबरोबर काम करत आले आहेत. निमित्त होते तणमोर, पावसाळ्यात गवतातून उड्या मारणारा पक्षी, जो आता जगभर अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याची जागा, त्याची वेळ, कुठल्या उंचीच्या गवतात तो राहतो, हे पारध्याला जितके माहीत तितके कुठल्या खात्याला नाही. ज्याला गुन्हेगार ठरवले त्याच्याच ज्ञानावर हे संवर्धन उभे राहिले. दुसरा दाखला मेळघाटचा. चिखलदऱ्याच्या महाविद्यालयातले प्रा. गजानन मुरतकर यांनी व्याघ्र प्रकल्पातून उठवलेल्या गावांच्या जुन्या वावरांवर कुरणे तयार करायला वर्षानुवर्षे मार्गदर्शन केले. तरोटा, रानतुळस फुलण्याआधी उपटायची, जवळच्याच रानातले खाण्याजोग्या गवताचे बी गोळा करायचे, तेच पेरायचे. शास्त्र पक्के आहे. पण मेळघाटात कुरण आले ते गाव उठवून आले. सोयी मिळाल्या नाहीत म्हणून अकोट तालुक्यात आणलेली माणसे २०१८ आणि २०१९ मध्ये परत जंगलात गेली, खात्याशी त्यांची झटापट झाली. गवत जिंकले आणि कोरकू हरले, अशा कुरणाचे मला कौतुक करता येत नाही. वडाळ्यात माणूस आणि गवत एकाच बाजूला आहेत, म्हणून मी तो दाखला आधी दिला.

मुरमाच्या खड्ड्याचे काम वावरापेक्षा अवघड असते, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ग्रामसभेत बोलताना उपयोगी पडते. खोदण्याआधी वरची वीतभर माती वेगळी काढून ढीग करून ठेवली पाहिजे, कारण गवताचे बी आणि मुळ्या तिच्यातच असतात. खोदकाम संपले की उभ्या कडा मोडून उतार करायचा आणि तीच माती पसरायची. आमच्या खड्ड्याच्या बाबतीत ती माती केव्हाच विकली गेली. मग लोक म्हणतात, काळी माती आणून टाका. नको. शेडा आणि पवन्याला उथळ, निचऱ्याची, मुरमाडच जागा लागते. बाहेरच्या कसदार मातीबरोबर गाजरगवताचे बी येते. बी कार्तिकाच्या सुमारास, पिकून गळायच्या आधी, हाताने ओरपून गोळा करायचे. ताजे बी लगेच उगवत नाही, ते पोत्यात उन्हाळाभर मुरू द्यायचे आणि मृगाच्या तोंडाला पेरायचे. कुसळे असलेले हलके बी वाऱ्याने उडते, म्हणून माती-शेणात कालवून टाकायचे. मारवेल बियांपेक्षा ठोंब लावून लवकर धरतो. पहिल्या वर्षी नुसते कुसळ दिसते आणि गाव म्हणते काम फसले. फसलेले नसते. आधी हलके गवत येते, माती धरते, मग बारमाही गवत पाय रोवते. दोन पावसाळे जनावर आत सोडायचे नाही, नंतर बी गळल्यावर कापायचे. झाडाचा खड्डा एकही नको.

८ जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खाणकाम संपल्यावर ती जमीन पुन्हा गवताखाली, चाऱ्यायोग्य करण्याची अट खाणपट्ट्यात घालावी. त्या खंडपीठाचे प्रमुख सरन्यायाधीश शरद बोबडे आपल्या नागपूरचे. मोठ्या खाणींच्या मंजुरीत ती अट लिहिली जाऊ लागली. गावच्या मुरमाच्या खड्ड्यापर्यंत ती पोचलेली मी पाहिलेली नाही. गायरान खाल्ले म्हणून हाकलायचेच असेल तर यादीत पहिले नाव कोणाचे, ते या निकालाच्या उजेडात ठरवावे.

राहिली चराईबंदी. हिवरे बाजारचे उदाहरण सगळे देतात. चराईबंदीने गवत वाढले हे खरेच आहे. पण गावात गाई-म्हशी कोणाकडे आणि बकऱ्या कोणाकडे हे मोजल्याशिवाय चराईबंदीचा ठराव करू नये. कापलेले गवत गोठ्यातल्या म्हशीला पुरते. विधवा बाईच्या चार बकऱ्यांना फिरायला लागते. तिच्याकडे गोठा नाही आणि भारा विकत घ्यायला पैसाही नाही. मुकुल शर्मांनी राळेगणसिद्धीवर लिहिताना आदर्श गावातल्या दलितांची जागा काय, हा प्रश्न विचारला तेव्हा अनेकांना राग आला होता. प्रश्न रास्त होता. महाडचे चवदार तळे ही सार्वजनिक मालमत्ताच होती, आणि त्या सार्वजनिकात आपण धरलेले नव्हतो. गावचे कुरण 'सार्वजनिक' होते म्हणतात तेव्हा मला आधी हाच हिशेब पाहावासा वाटतो.

म्हणून आम्ही ठराव पुन्हा लिहिला. वस्तीत विहारात दोन रात्री बसलो. तिथेही एकमत सहज झाले नाही. एक तरुण म्हणाला, "दादा, तुमच्या गवतापायी आमचं वावर जाईन." एका काकूंनी त्याला विचारले, "वावरात यंदा काय पिकलं सांग." तो गप्प बसला, पण राग गेला नाही, आणि त्याचा राग मला चुकीचा वाटत नाही. शेवटी जे ठरले ते असे. १९९० च्या आधीची वहिती असलेल्या अकरा घरांचे नियमितीकरणाचे प्रस्ताव ठरावाला जोडायचे, ते निकाली निघेपर्यंत त्या कडेला हात लावायचा नाही. कुरणाचे काम खड्ड्याकडून सुरू करायचे. किती ब्रास मुरूम निघाला आणि परवाना किती ब्रासचा होता, याची मोजणी तहसीलकडे मागायची. बंद ठेवायच्या भागाशिवाय बकऱ्यांसाठी एक पट्टा उघडा ठेवायचा. कापणीचा पहिला हक्क भूमिहीन घरांतल्या बायांच्या गटाचा, उरलेला चारा जनावरवाल्यांना विकत. आणि रोजगार हमीच्या हजेरीपटावर वडार, पारधी, बौद्ध, ज्याला काम हवे त्याचे नाव.

गुरुजींनी या वेळी ठरावाला विरोध केला नाही, पाठिंबाही दिला नाही. ब्रासच्या मोजणीचे कलम वाचल्यावर पुढच्या रांगेतले तिघे जण उठून बाहेर गेले आणि गणपूर्ती मोडली. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे आम्हाला माहीत आहे आणि त्यांनाही. मोजणीचा अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. बायांनी कार्तिकात ओरपलेले पवन्याचे बी चार पोती भरले, ते विहाराच्या मागच्या खोलीत ठेवले आहे. मृगाला अजून पाच महिने आहेत.